टेन्शनर बदलला, अक्का

राजमणीअक्का,

टेन्शनर बदलला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा अर्धा जीव तिकडं राहणार नाही. चेन नवी, तिच्या कडेच्या पट्ट्या नव्या, टेन्शनर नवा आणि ऑइल कंपनीनं सांगितलेलंच, पातळ. इंजिन उघडलं, परत बंद केलं आणि ते चालू झालं. एकदा खोललं की 'कंपनीचा हात' जातो म्हणायचीस, तो गेला असेल तर गेला. गाडी काही रुसली नाही.

तुझ्या भावानं पेपरात निधनाची चौकट दिली. त्यात तुझं शिक्षण दोन इयत्तांनी वाढवलंय आणि वय जरा कमी केलंय. तुला दोन्ही आवडलं असतं. शहराच्या पूर्व भागात शाळेची व्हॅन चालवणारी पहिली बाई, असंही लिहिलंय. पहिली होतीस की नाही मला ठाऊक नाही, तुलाही नव्हतं. कुणी तसं म्हणालं की तू हळूच मला म्हणायचीस, "म्हणू दे की, कुणाचं काय जातंय?" आता लोक मला सांगतात, तुम्ही दोघी एवढी वर्षं एका गाडीत, ती चालवायची, तुम्ही पोरं सांभाळायचा, अक्कावर काहीतरी लिहा. चौकटीतलं परत लिहिण्यात मला रस नाही. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय, ते पुरं करते.

ते सुरू झालं एका थंडीच्या सकाळी. मी मागच्या सीटखाली पाण्याच्या बाटल्या लावत होते. तू चावी फिरवलीस आणि इंजिनातून, पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे हलवावेत, तसा आवाज आला. जरा वेळ वाजला आणि थांबला.

"अक्का, चेन वाजायला लागली."

"वाजू दे की. तिला पण सकाळी उठून बोलावंसं वाटत असंल."

मी बरीच वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला काढली, हे तू नेहमी माझ्याविरुद्धच वापरायचीस. कुणी विचारलं तर सांगायचीस, "दुकानदारीण ती. तिला सगळंच बदलायचं असतंय." पण त्या काउंटरवर मी जे बघितलं ते तू बघितलं नव्हतंस. लोक रुमालात वाकडे व्हॉल्व्ह बांधून आणायचे, काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, आवाज तर कधीपासून येत होता, पण गाडी चालत होती. प्रत्येकाचं वाक्य तेच. मला ते पाठ झालं होतं, आणि एका सकाळी तेच तुझ्या तोंडून ऐकावं लागलं.

मी तुला डब्याच्या झाकणावर खडूनं आकृती काढून समजावलं. इंजिनाच्या खाली एक दांडी फिरते, वर एक दांडी झडपा उघडते-मिटते. दोघींना जोडणारी ही चेन, सायकलच्या चेनसारखीच, फक्त आत तेलात. वर्षं गेली की ती सैल होते. टेन्शनर म्हणजे बोटाएवढा दट्ट्या. तो कडेची पट्टी चेनवर दाबून धरतो आणि तो सैलपणा काढून घेतो. दट्ट्या झिजला की चेन आत फटके मारते. मग एक दिवस ती दातेरी चाकाचा दात सोडते, वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो आणि सगळं इंजिन खोलून बसायची वेळ येते. आधी बदललं तर दोन दिवसांचं काम. तू शेवटपर्यंत ऐकलंस, झाकण हातात घेतलंस, आकृती नीट बघितलीस आणि म्हणालीस, "आधीच घरात टेन्शन कमी आहे का बे, विकत कशाला आणू?" पोरं हसली. पोरं हसली की भांडण तू जिंकलीस, असा तुझा हिशोब होता.

मला फार दिवस वाटायचं, हा निव्वळ आडमुठेपणा. मग तुझ्या लेकीच्या, श्रावणीच्या, कुठल्याशा परीक्षेच्या पेढ्यांना मी तुझ्या माहेरी आले. खाली माग चाललेले, टॉवेलचे. वर माडीवर आपण बसलेल्या, जमीन पायाखाली थरथरत होती, आणि तुझी आई एवढ्याशा आवाजात बोलत होती आणि तुम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं. मला तिचे फक्त ओठ दिसत होते. मग लाइट गेली. माग थांबले. कोपऱ्यात झोपलेला तुझा भाऊ दचकून उठून बसला आणि म्हणाला, "काय झालं?" तू मला कोपरानं ढोसलंस. "बघ. आमच्यात आवाज बंद झाला की माणूस घाबरतंय. आवाज हाय म्हणजे चालू हाय."

मी मंगळवेढ्याची. आमच्याकडं गोठ्यात नुसतं खुट्ट झालं तरी कंदील घेऊन बघायला जातात. ज्वारीच्या रानात वाढलेली आणि मागावर वाढलेली अशा दोन बायका एका गाडीत बसल्या, तर चेनच्या आवाजावर एकमत होणार कसं? त्या दिवसापासून मला तुझा राग थोडा कमी यायला लागला. भांडायचं मात्र मी सोडलं नाही.

दाट ऑइलचा प्रकार तुझ्या लक्षात असेलच. कुणीतरी तुला सांगितलं, दाट ऑइल घाल, आवाज जातो. तू मला न विचारता घातलंस. आणि आवाज खरंच कमी झाला. त्या दिवशी तू मला शेंगाचटणी आणि दह्याबरोबर कडक भाकरी खाऊ घातलीस, आणि खाईपर्यंत समोर बसून राहिलीस. नुसती बघत होतीस. मी खाऊन झाल्यावर म्हणाले, "चटणी चांगली होती. थंडी येऊ दे." थंडी आली. दाट तेल सकाळी वर चढायला वेळ लावायला लागलं, चेन आधीपेक्षा जास्त वेळ कोरडी वाजायला लागली. मग तर गल्लीत गाडी हळू केली की गरम इंजिनातूनसुद्धा खडखड यायची. "आता काय म्हणतेस?" मी विचारलं. तू म्हणालीस, "चटणी परत मिळणार नाही."

तुझी एक सवय मला फार चिडवायची. चावी फिरवलीस की तू निघायची नाहीस. काच पुसायचीस, आरसा पुसायचीस, वेणीत फूल खोचायचीस, शेजारणीशी पाणी आज येणार का उद्या, यावर बोलायचीस. मी मागून घड्याळ दाखवायची. "निघ की, अक्का. पहिलं पोर उन्हात उभं राहील." तू म्हणायचीस, "थांब गं. तिचं पोट भरू दे." मला वाटायचं, वेळ काढण्याची ही एक तऱ्हा. गाडीलाही माणसासारखं 'ती' म्हणायचं आणि आपला आळस तिच्या नावावर टाकायचा.

शेवटी मार्चमध्ये तू कबूल झालीस. कारण माझं म्हणणं पटलं हे नव्हतं. श्रावणीचा प्रवासी गाडी चालवायचा बॅज आला होता, शाळेच्या नव्या वर्षापासून दुपारची फेरी ती मारणार होती. तू म्हणालीस, "सुट्टीत बघू. मे महिन्यात गाडी रिकामीच असते." मी वाहिदभाई मिस्त्रींना सांगून ठेवलं, सामान आणून घरी ठेवलं. ते खोकं बघून तू म्हणालीस, "एवढंसंच? एवढ्याशावर आपण इतकं भांडलो?"

मे महिन्यात तुला कावीळ झाली. उतरतेय म्हणाले, उतरली नाही. दवाखान्यात उकाडा एवढा होता की पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि तू उसाचा रस मागत होतीस, जो द्यायचा नव्हता. त्यातही तू मला विचारलंस, "गाडी रोज चालू करता का नाही?" श्रावणी करते, मी म्हणाले. "वाहिदकडं नेऊ नका हां. मी आल्यावर खोलू. मला बघायचंय आतून काय निघतंय ते." मी बरं म्हणाले. श्रावणी शेजारीच उभी होती, तिनं ऐकलं.

दहाव्याला तुझे एक नातलग, नाव सांगत नाही, मला म्हणाले, "जसं गाडीकडं दुर्लक्ष केलं तसं तब्येतीकडं केलं." मी त्यांना सांगितलं, डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी ती डॉक्टरकडं गेली होती, आणि तुम्ही दवाखान्यात एकदाही आला नव्हता, तेव्हा जेवून घ्या. ते जेवले.

जून जवळ आला. पालकांचे फोन सुरू झाले. अक्का नाहीत तर गाडी येणार का, मुलगी चालवणार म्हणे, तिला जमेल का, नाहीतर दुसऱ्या व्हॅनला सांगायला बरं. कुणाचं चूक नव्हतं. शाळा उघडेल त्या दिवशी गाडी दारात उभी राहिली नाही, तर श्रावणीच्या हातून हा धंदा जाणार होता, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. मी गाडी वाहिदभाईंकडं न्यायला लावली.

वाहिदभाईंचा नियम तुला माहीत आहे. मालकाच्या तोंडून 'खोल' ऐकल्याशिवाय ते इंजिनाला पाना लावत नाहीत. खोललं की आत काय निघेल सांगता येत नाही, आणि मग लोक मिस्त्रीला बोल लावतात. मी म्हणाले, "खोला." ते श्रावणीकडं बघत राहिले.

"बाई, तुमचं मी ऐकतो. पण गाडी अक्काची. घरच्यानं बोलायला पाहिजे."

श्रावणी बॉनेटला टेकून उभी होती. "आई म्हणाली होती, मी आल्यावर."

"ती येणार नाही, श्रावणी."

"तुम्हाला आईला खोटं पाडायचंय, मावशी. पहिल्यापासून."

अक्का, तुझी मुलगी तुझ्यासारखीच आहे, बरोबर दुखेल तिथं बोट ठेवते. मी म्हणाले, "खोटं पाडायचं होतं ते तिच्यासमोर. आता पाडून मला कोण चटणी देणार आहे? तू पुढं बसणार, मागं पोरं बसणार. हायवे ओलांडताना मध्येच चेन तुटली, तर मागनं येणारा ट्रक विचारणार नाही तुझी आई काय म्हणाली होती. आणि आईनं नको नव्हतं म्हटलं. आईचं करायचं राहून गेलं."

तिनं ओढणीच्या टोकानं बॉनेटवरची धूळ पुसली, जिथं नव्हती तिथंसुद्धा. मग म्हणाली, "खोला, वाहिदभाई," आणि बाहेर जाऊन चहाच्या गाड्याजवळ पाठ करून उभी राहिली.

तुला बघायचं होतं म्हणून मी बघितलं. एरवी मी ग्रीसमध्ये उभी राहत नाही. झाकण निघालं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला चेननं नांगरल्यासारख्या चऱ्या पाडल्या होत्या. एक पट्टी अर्धी तुटलेली, तिचे तुकडे खाली, तळाच्या तेलात. टेन्शनरचा दट्ट्या होता तेवढा बाहेर आलेला, पुढं जायला जागाच उरली नव्हती. दात अजून सुटला नव्हता, झडपा सरळ होत्या. तेवढंच काय ते उरलं होतं.

वाहिदभाईंनी दट्ट्या हातात फिरवून बघितला. "ही चालत कशी होती हेच कळत नाही. चालू केल्या केल्या अक्का गाडी पळवत नव्हत्या ना?"

"काच पुसायच्या," मी म्हणाले.

"मग त्यानंच टिकली. तेल वर चढेपर्यंत थांबायच्या त्या. लगेच पळवली असती तर कधीच गेली असती."

म्हणजे खरंच पोट भरत होतं. मग तू हे मला कधी सांगितलं का नाहीस? सांगितलंस, रोज सांगितलंस, मी घड्याळ दाखवत होते. ठीक आहे. तू निम्मी बरोबर होतीस. निम्मीच. दाट ऑइलचे गुण मी तुला देणार नाही.

आणि हे सगळं लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट आणखी. पोरांचे आई-बाप तुला सांगायचे, अक्का, तुमच्या गाडीत पोर बसलं की आम्ही निवांत. मी कधी असं काही म्हटलं नाही. मी फक्त ब्रेक, टायर, चेन, आरसा यांवर बोलले. पण मी तुझ्या गाडीत पाठ करून बसायचे, अक्का. पोरांकडं तोंड, रस्त्याकडं पाठ, एवढी वर्षं. दुसऱ्या कुणाच्याही गाडीत मी अशी बसत नाही. भावाच्या गाडीतसुद्धा पुढं बसून पायानं ब्रेक दाबत असते. हे तुझ्या लक्षात आलं असेल असं मी धरून चालते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन जोडून झाकण परत बसवलं. वाहिदभाई म्हणाले, मार चावी. श्रावणीनं मारली, आणि लगेच परत मारली. इंजिन चालू झालं होतं, तिला ते ऐकूच आलं नाही. चालू इंजिनावर स्टार्टर असा किंचाळला की शेजारच्या टायरवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "चालू आहे, चालू आहे," वाहिदभाई दोन्ही हात वर करून ओरडत होते. श्रावणीनं चावी सोडली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हे चालू आहे?" मग ती हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मीही हसले. वाहिदभाई स्टार्टर तपासत होते, त्यांना हसू आलं नाही.

शाळेचा पहिला दिवस. श्रावणीनं काच पुसली, आरसा पुसला. मी घड्याळ दाखवलं नाही. आम्ही वेळेवर पहिल्या गल्लीत शिरलो, आणि गल्लीत एकही पोर नव्हतं. दारं अर्धी उघडी, रांगोळ्या काढलेल्या, बाहेर कुणी नाही. श्रावणीनं गाडी उभी केली. थोडा वेळ वाट बघितली. तिचा चेहरा उतरला. "सगळ्यांनी दुसरी गाडी लावली, मावशी."

मलाही क्षणभर तेच वाटलं. "हॉर्न दे," मी म्हणाले.

"इथं नाही द्यायचा. रात्रपाळीची माणसं आत्ताच झोपलेली असतात. आई कधीच द्यायची नाही."

खरंच तू कधी हॉर्न दिला नव्हतास. मागावरच्या माणसांची झोप चेनच्या खडखडाटानं मोडत नाही, हॉर्ननं मोडते. मग पोरं दारात तयार उभी कशी असायची? मी खाली उतरले. पहिल्या दारात जाऊन हाक मारली. आत पोरगी बूट घालून, दप्तर लावून, कॉटवर बसलेली होती. तिची आई हातात डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडं बघत राहिली.

"अय्यो, आली गाडी? कळलंच नाही की."

शेजारचं दार उघडलं. "गाडी आली? मी म्हणतेय अजून अक्काचा आवाज कसा नाही."

मग समोरचं. मग त्याच्या पलीकडचं. प्रत्येक घरात पोर तयार बसलेलं, आणि घर कान देऊन वाट बघत होतं. गल्लीच्या तोंडाशी तुझी चेन वाजली की यांचा चहा उतरायचा, केस विंचरून व्हायचे, बूट शोधले जायचे. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी गाडीच्या आत बसायचे. तुला माहीत होतं का, हे आता कुणाला विचारू?

तुझ्या मातीला ही सगळी माणसं आली होती. रडली होती, खांदाही दिला होता. पण त्या सकाळी ती दारादारात उभी राहिली, हातातलं काम तसंच, आणि शांत गाडीकडं बघत राहिली.  राजमणीअक्का गेली, हे त्या गल्लीला तेव्हा कळलं. मलाही, आता लपवून काय करू, तेव्हाच कळलं. मग मी पोरं मोजून आत बसवली, कारण शाळेची वेळ होत होती.

आता गल्ली आली की मी खाली उतरते आणि गाडीच्या पुढं चालत एकेका पोराच्या नावानं हाक मारत जाते. तुझी लेक पहिल्या गिअरमध्ये माझ्या मागं मागं येते, आणि तिचं इंजिन मलासुद्धा ऐकू येत नाही. माझा घसा पार बसलाय. काल खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "मावशी, याच्यापेक्षा ती चेन बरी होती."